बालवाचकाचा निवडीचा हक्क

मुलाला पुस्तक विकत आणून देणे आणि मुलाला ग्रंथालयात घेऊन जाणे, या दोन गोष्टी एकाच सद्हेतूतून होत असल्या, तरी त्यांचा परिणाम एकच होतो असे समजण्याचे कारण नाही. विकत आणलेले पुस्तक बहुधा घरातल्या वडील माणसाने पसंत केलेले असते. त्यासाठी पैसे मोजलेले असल्यामुळे ते अखेरपर्यंत वाचून झालेच पाहिजे, ही अपेक्षाही पुस्तकाबरोबरच घरात येते. आणि ते मुलाला रुचले नाही, तर दोष पुस्तकाचा की वाचकाचा या वादाचा निकाल सहसा मुलाच्या विरुद्ध लागतो. ग्रंथालयात मात्र शेकडो पुस्तकांपुढे उभे राहावे, त्यांतले एक उचलून दोन पाने चाळावी, ते परत ठेवून दुसरे घ्यावे, घरी नेलेले पुस्तक आवडले नाही तर आठ दिवसांनी अर्धवटच परत करावे आणि यांपैकी कशाबद्दलही कोणाला जबाब देऊ नये, अशी मुभा मुलाला मिळते. वाचनाची गोडी या मुभेतून उत्पन्न होते, असे माझे निश्चित मत आहे. आणि मुलांनी वाचावे अशी ज्यांना मनापासून इच्छा आहे, त्यांनी उपदेशापेक्षा या स्वातंत्र्याची तजवीज आधी करावी, हे सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच आहे.

ग्रंथालयांच्या बाबतीत मराठी मुलुख मागासलेला नाही. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ सालचे आहे; नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० मध्ये, पुण्याचे नगर वाचन मंदिर १८४८ मध्ये आणि कोल्हापूरचे करवीर नगर वाचन मंदिर १८५० मध्ये स्थापन झाले. पुढे ठाण्यास १८९३ साली मराठी ग्रंथसंग्रहालय निघाले आणि १८९८ साली मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाचा जन्म झाला. तथापि या संस्थांच्या संस्थापकांच्या दृष्टीसमोर जो वाचक होता, तो वृत्तपत्रे वाचणारा, सभा-व्याख्यानांना जाणारा, लोकहिताची चर्चा करणारा प्रौढ गृहस्थ होता. मुलांसाठी स्वतंत्र साहित्यच त्या काळी अल्प होते. वासुदेव गोविंद आपटे यांचे ‘आनंद’ मासिक १९०६ साली सुरू झाले, यावरून मुलांसाठी नियमितपणे काही छापावे हा विचार आपल्याकडे किती सावकाश रुजला याची कल्पना येते. त्यामुळे ग्रंथालय म्हणजे मोठ्यांनी शांतपणे बसण्याची जागा, असा जो शिरस्ता पडला, तो पुढे मुलांची पुस्तके विपुल झाल्यावरही पुरता मोडला नाही. आणि आजही कित्येक ठिकाणी बालविभाग म्हणजे जिन्याखालचे एक कपाट, एवढीच त्याची व्याप्ती असते.

या बाबतीत निराळा आणि दूरदर्शी विचार केला तो बडोद्याच्या सयाजीराव गायकवाड महाराजांनी. आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केल्यानंतर, शाळेत मिळालेली अक्षरओळख पुढे टिकायची कशी, हा प्रश्न त्यांच्यासमोर उभा राहिला. आणि त्याचे उत्तर त्यांना ग्रंथालयांत दिसले. १९१० साली त्यांनी अमेरिकेहून विल्यम बॉर्डन या अनुभवी ग्रंथपालास पाचारण करून संस्थानाचे ग्रंथालय खातेच उभारले. बडोद्याचे मध्यवर्ती ग्रंथालय, गावोगावची वाचनालये आणि जेथे वाचनालय नाही तेथे पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या पाठविणारी फिरती ग्रंथालये, अशी ती साखळी होती. त्या मध्यवर्ती ग्रंथालयात मुलांसाठी स्वतंत्र दालन होते आणि तेथे पुस्तकांबरोबर चित्रे व खेळही ठेवलेले असत. मूल प्रथम कशासाठी आत आले याची चौकशी न करता, ते आत आले आणि रमले याला महत्त्व देणारी ती दृष्टी होती. सक्तीच्या शिक्षणाचा कायदा करणाऱ्या राज्यकर्त्यानेच मुलांच्या वाचनाला सक्तीपासून दूर ठेवावे, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते.

भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयाचे पाच सिद्धांत मांडले. ग्रंथ उपयोगासाठी आहेत. प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळावा. प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळावा. वाचकाचा वेळ वाचवावा. आणि ग्रंथालय ही वाढती संस्था आहे, असा त्यांचा आशय आहे. हे सिद्धांत ऐकताना इतके साधे वाटतात की त्यांसाठी शास्त्र कशाला हवे असा प्रश्न पडावा. परंतु त्यांची कसोटी बालविभागात लागते. पहिलाच सिद्धांत घ्या. ग्रंथ उपयोगासाठी असेल, तर तो मुलाच्या हाताला लागला पाहिजे, म्हणजे फळी त्याच्या उंचीची असली पाहिजे आणि कपाटाला कुलूप असता कामा नये. पण कुलूप लावणाऱ्याचीही एक बाजू आहे, ती समजून घेतली पाहिजे. दाखल नोंदवहीत प्रत्येक पुस्तकाला क्रमांक असतो, वर्षअखेरीस मोजदाद होते, आणि पुस्तक कमी भरले तर त्याचा जबाब ग्रंथपालाला किंवा शिक्षकाला द्यावा लागतो. फाटलेले पुस्तक हा हिशेबाच्या दृष्टीने तोटा ठरतो; वाचले न गेलेले पुस्तक मात्र नोंदवहीत शाबूत आणि निर्दोष दिसते. वस्तुतः दहा वर्षे कोरे करकरीत राहिलेल्या बालपुस्तकाइतका मोठा तोटा ग्रंथालयाचा दुसरा नाही, आणि हे तत्त्व कार्यकारी मंडळाने ठरावाने मान्य केले, तर ग्रंथपालाच्या मनावरचे भय निम्मे कमी होईल.

एका तालुक्याच्या गावी, मुक्तप्रवेश असलेल्या बालविभागात, शनिवारी दुपारी पाहिलेला एक प्रसंग सांगण्यासारखा आहे. आठेक वर्षांची एक मुलगी वडिलांबरोबर आली होती. ती फळीपुढे मांडी घालून बसली आणि एकेक पुस्तक काढून पाहू लागली. तिची परीक्षेची रीत मोठी पद्धतशीर होती: आधी चित्र, मग अक्षराचा आकार, मग पहिल्या पानावरच्या चार ओळी ओठ हलवीत, ओळीवर बोट ठेवून. अखेरीस तिने बांधणी उसवल्यामुळे रेक्झिनमध्ये पुन्हा बांधलेले, भुताच्या गोष्टींचे एक पातळसे पुस्तक निवडले, आणि त्याच्या मागच्या पानावर चिकटवलेल्या तारखेच्या चिठ्ठीवरील दाटीवाटीचे शिक्के वडिलांना दाखवून ती म्हणाली, “बाबा, हे बघा, किती जणांनी नेलंय!” वडिलांच्या हातात एका थोर पुरुषाचे जाडजूड चरित्र होते. “अगं, हे घे, यातून काही शिकायला मिळेल,” असे ते म्हणाले. मुलीचा चेहरा उतरला, पण तिने पुस्तक सोडले नाही. देवघेवीच्या टेबलामागच्या ग्रंथपाल बाई हे पाहत होत्या. त्यांनी दोन्ही पुस्तके पुढे ओढून घेतली आणि सहजपणे म्हणाल्या, “दोन्ही न्या की! हे तिच्या नावावर घालते, ते तुमच्या.” वडील क्षणभर थबकले आणि मग त्यांनी स्वतःचे सभासदपत्र खिशातून काढले.

त्या बाईंच्या एका वाक्यात बालवाचनाचे सगळे शास्त्र आले आहे, असे मी म्हणेन. मुलीची निवड तिच्या खात्यावर अबाधित राहिली आणि जे पुस्तक उपयुक्त आहे असे वडिलांना वाटत होते, ते वाचण्याची जबाबदारी त्यांच्याकडेच आली. मुलांना वाचनाचा उपदेश करणारे वडील घरात स्वतः वाचताना क्वचितच दिसतात, आणि मूल तर ऐकलेल्यापेक्षा पाहिलेले अधिक उचलते. म्हणून ग्रंथालयात मुलाला नुसते पोहोचवून बाहेर थांबू नये. आपणही आत जावे, आपले पुस्तक घ्यावे आणि ते घरी मुलादेखत वाचावे.

भुताखेताच्या, धाडसाच्या किंवा विनोदाच्या गोष्टी वाचून मुलाचे काय भले होणार, अशी शंका सुजाण पालकही घेतात. तिचे निरसन करणे अगत्याचे आहे. देवनागरीत अक्षर आणि उच्चार यांचे नाते बरेचसे नियमबद्ध असल्यामुळे आपले मूल शब्द लवकर वाचू लागते. पण शब्द वाचता येणे आणि वाचनात रमणे यांत मोठे अंतर आहे. जोडाक्षर आले, रफार आला, लांबलचक सामासिक शब्द आला, की नवशिक्या वाचकाची सारी शक्ती तो शब्द उलगडण्यात खर्ची पडते, आणि वाक्याच्या अखेरीस पोहोचेपर्यंत त्याचा आरंभ विस्मरणात जातो. ही अडखळ जाऊन डोळा ओळीवरून सहज सरकू लागावा, यासाठी एकच उपाय आहे: सोपे, मनाजोगे आणि भरपूर वाचन. सायकल शिकणाऱ्या मुलाला आपण पहिल्याच दिवशी घाट चढायला लावीत नाही. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे एकदा आवडला, की मूल त्याच मालिकेची पुस्तके एकामागून एक वाचते, आवडलेले पुन्हा पुन्हा वाचते. या पुनरावृत्तीत वेळ वाया जात नाही, तर ओळखीची पात्रे आणि ओळखीची भाषा यांच्या आधाराने वाचनाचा वेग तयार होतो. हा वेग हाती आला म्हणजे तेच मूल पुढे चरित्रांकडे, प्रवासवर्णनांकडे, विज्ञानाकडे आपल्या पायांनी जाते. आणि इतक्या संख्येने पुस्तके विकत घेणे सामान्य कुटुंबाला परवडणारे नसल्यामुळे, हे भरपूर वाचन घडविण्याचे सामर्थ्य ग्रंथालयाच्याच अंगी आहे.

ग्रंथालयाच्या भेटीचा क्रम कसा असावा, याविषयीही दोन शब्द सांगितले पाहिजेत. वार ठरलेला असावा, कारण सवय ही नियमितपणाने लागते आणि ‘सवड मिळेल तेव्हा’ असे म्हटले की ती मिळत नाही. मुलाचे सभासदत्व त्याच्या स्वतःच्या नावाने असावे. आपल्या नावाचे पत्र, आपल्या सहीची नोंद आणि पुस्तक मुदतीत परत करण्याची आपली जबाबदारी, यांत मुलाला आपण मोठे झाल्याचा आनंद होतो. लहान मुलाला घरी रोज थोडे मोठ्याने वाचून दाखवावे आणि त्याला स्वतःला वाचता येऊ लागल्यावरही हा परिपाठ बंद करू नये. मात्र पुस्तक वाचून होताच ‘तात्पर्य काय?’, ‘सारांश लिहून दाखव,’ अशी उलटतपासणी करू नये, कारण ज्या आनंदाच्या शेवटी परीक्षा ठेवलेली असते, तो आनंद मूल टाळू लागते. ‘यातलं तुला काय आवडलं?’ एवढे विचारावे, आणि मूल बोलू लागले तर ऐकून घ्यावे.

आता गावांचा आणि शाळांचा विचार. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ साली झाला आणि त्यान्वये मान्यता मिळालेली १० हजारांहून अधिक ग्रंथालये राज्यात ‘अ’ ते ‘ड’ अशा चार वर्गांत विभागलेली आहेत. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या अनुसूचीत तर प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे आणि त्यात वृत्तपत्रे, मासिके व गोष्टींच्या पुस्तकांसह सर्व विषयांची पुस्तके असावी, असे स्पष्ट शब्दांत नमूद आहे. म्हणजे कायद्याची तरतूद आहे. उणीव आहे ती कपाट उघडण्याची. मुख्याध्यापकांच्या खोलीतले कपाट वर्गात आणणे, वरच्या इयत्तेतील दोन मुलांकडे देवघेवीची वही सोपविणे आणि आठवड्यातून एक तास कोणताही स्वाध्याय न देता केवळ वाचनासाठी राखणे, एवढ्यासाठी वेगळ्या अनुदानाची किंवा मंजुरीची गरज नाही. जेथे ग्रंथालयच दूर आहे, तेथे बडोद्याच्या त्या जुन्या पेटीची कल्पना आजही उपयोगी पडते. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ या उपक्रमातून पुस्तकांच्या पेट्या वाचकांपर्यंत नेण्याचे काम झालेलेच आहे. महाबळेश्वरजवळचे भिलार २०१७ साली ‘पुस्तकांचं गाव’ म्हणून उभे राहिले आणि तेथील ग्रामस्थांनी आपल्या घरांची दारे वाचकांना उघडी करून दिली. एका गावाला जे घरांच्या बाबतीत साधले, ते शाळेला आणि वाचनालयाला कपाटांच्या बाबतीत साधू नये, असे काही नाही.

ग्रंथालयांच्या चालकांना माझी विनंती आहे की, शाळा सुटल्यावर आणि सुट्टीच्या दिवशी बालविभाग उघडा राहील अशी वेळ ठेवा, पुस्तके मुलांच्या हाताला येतील अशी मांडा, आणि फाटलेल्या पुस्तकासाठी मुलाला दटावण्याऐवजी बांधणीसाठी वार्षिक अंदाजपत्रकात रक्कम धरा. पालकांना सांगणे याहून थोडे आहे. येत्या शनिवारी आपल्या गावच्या किंवा पेठेच्या वाचनालयात मुलाला घेऊन जा, त्याच्या नावाची वर्गणी भरा, आणि मग ते जे पुस्तक निवडील, ते बिनतक्रार घरी येऊ द्या.