मोकळे जग की ठरलेली वाट?

संगणकावरील काल्पनिक साहसाच्या खेळांत दोन प्रकार ठळक दिसतात. काहींत कथा प्रधान असते, तर काहींत मोकळे जग. जळगावहून धुळ्याला जाणारी एसटी एरंडोल, पारोळा याच क्रमाने जाते. सायकलस्वार मात्र मनात येईल त्या गावाकडे वळतो. हे खेळही असेच आहेत.

पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स गेम्स' या कंपनीने २०२० साली 'राजी' हा खेळ काढला. त्यात राजी ही मुलगी असुरांनी पळवलेल्या आपल्या धाकट्या भावाला शोधते. तिची वाट ठरलेली आहे. म्हणून भावाची काळजी खेळणाऱ्याच्या मनातून जात नाही.

२०११ साली निघालेल्या 'स्कायरिम' या अमेरिकन खेळात आग ओकणारा ड्रॅगन जगाचा नाश करायला निघतो. तरीही खेळणारा डोंगर चढतो, वनस्पती गोळा करतो, घर विकत घेतो. तोपर्यंत ड्रॅगन थांबून राहतो! येथे स्वातंत्र्य भरपूर मिळते, पण संकटाची धार बोथट होते.

पहिल्या प्रकारात आपण दास्तानगोचे बोट धरून चालतो. दुसऱ्यात आपली दास्तान आपणच रचतो. म्हणून खेळ निवडताना स्वतःला विचारा : मला नुसते हिंडायचे आहे, की कुणासाठी तरी वेळेवर पोहोचायचे आहे?