शरदांतील धबधब्याची वाट

आश्विन लागला, माळावर सोनकीचीं पिवळीं फुलें डोलूं लागलीं आणि आकाश धुऊन निघालें, कीं साताऱ्याकडील हौशी मंडळींना डोंगर खुणावूं लागतात. धबधबा पाहावा तो भर पावसांतच, अशी श्रोत्यांपैकीं पुष्कळांची समजूत असेल. परंतु श्रावणांत ठोसेघरचा धबधबा बहुधा धुक्याच्या पडद्याआडच असतो. केवळ त्याचा घोष तेवढा ऐकूं येतो. त्याचें खरें रूप दिसतें तें शरदांत. सज्जनगडाच्या बाजूनें जाणाऱ्या रस्त्यानें हें ठिकाण साताऱ्याहून सुमारें २० ते २५ किलोमीटर आहे. सकाळीं निघावें, पठारावर पायीं हिंडावें, धबधबा पाहावा व दिवेलागणीपूर्वीं परतावें, असा हा एका दिवसाचा बेत असतो.

पाऊस थांबल्यावरही हें पाणी येतें कोठून? सह्याद्रीचा हा भाग सुमारें ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीं भूमीच्या भेगांतून वाहिलेल्या लाव्हारसाच्या थरांचा बनला आहे. या थरांस भूशास्त्रांत 'ट्रॅप' म्हणतात. हा शब्द पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला आहे. दोन कठीण थरांमध्यें कोठें कोठें तांबूस, ठिसूळ थर असतो. तो लवकर झिजतो, वरचा कातळ अधांतरीं राहतो व शेवटीं स्वतःच्या भारानें कोसळतो. त्यामुळें कडा ताठ उभा राहतो. पठारांच्या माथ्यावर जांभ्या दगडाचें आवरण आहे. सच्छिद्र जांभ्यांत चार महिने मुरलेलें पाणी खालच्या चिकण थराशीं अडतें आणि झऱ्यांच्या रूपानें हळूहळू बाहेर पडतें. आश्विनांतील स्वच्छ धार ही या साठवणीची धार होय.

परंतु याच शांत ऋतूंत एक फसवणूकही आहे. ऑक्टोबरच्या पूर्वार्धांत मोसमी वारे महाराष्ट्रांतून माघार घेतात. सकाळीं ऊन कडक पडतें, जमिनींतील ओल वाफ होऊन वर चढते, आणि दुपारनंतर मेघगर्जनेसह परतीचा पाऊस कोसळतो. तो थोड्याच टापूंत पडतो. धबधब्यापाशीं लख्ख ऊन असतां मागच्या पठारावर तो होऊन गेलेला असूं शकतो. तेथील उघड्या कातळावरून पाणी धांवत येतें व ओढा पाहतां पाहतां फुगतो. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला, कीं त्याचा रेटा चौपट होतो. म्हणून गुडघाभर पाणीही धडधाकट माणसास पाडूं शकतें. पाणी गढूळ होणें, पालापाचोळा व काटक्या वाहत येणें, आवाज एकाएकीं वाढणें, या त्याच्या पूर्वखुणा होत.

अशा वेळीं अर्धी मंडळी ओढ्याच्या पलीकडे व अर्धी अलीकडे राहिली, तर खरी कसोटी लागते. अंधाराचें भय वाटतें, घरच्यांची काळजी मनांत येते, आणि हातांत हात धरून एकदां पार व्हावें असा मोह पडतो. तो आवरावा. अशा लहान ओढ्याचा लोंढा जसा अकस्मात् येतो, तसा पाऊस थांबल्यावर बहुधा कांहीं तासांत ओसरतोही. पलीकडच्यांनीं उंच जागीं, एकाट झाडापासून दूर, स्वस्थ बसून राहावें. अलीकडच्यांनीं गांवांत निरोप धाडावा.

धबधब्याखालचा डोह तर पोहणारासही फसवितो. पडणाऱ्या धारेनें त्यांतील पाणी बुडबुड्यांनीं भरलेलें असतें. असें पाणी शरीरास नीट तरंगूं देत नाहीं, आणि आंतला भोंवरा माणसास पुनः धारेखालींच ओढतो. ठोसेघरास दरीसमोर बांधलेल्या सज्जांतून धबधबा उत्तम दिसतो. खालीं उतरण्याचें कारण नाहीं.

मंडळी दहा असोत वा तीस, एक वाट जाणणारा पुढें, एक खंबीर गडी सर्वांच्या मागें, आणि चाल सर्वांत सावकाश चालणाराची, हा नियम पाळावा. प्रत्येक मुक्कामावर डोकीं मोजावीं. ऑक्टोबरच्या मध्यास सूर्य सायंकाळीं सव्वासहाच्या आंतच मावळतो आणि दरींत त्याआधींच काळोख दाटतो. म्हणून परतण्याची वेळ निघतांनाच ठरवावी. पठारावर मेघ जमूं लागले, तर धबधबा हांकेवर असला तरी मागें फिरावें. शिदोरी गांवांतल्या देवळाच्या ओसरीवर सोडली तरी गोड लागते, आणि सर्व मंडळी दिवे लागतां घरीं पोंचतात.