तुमच्या मनातलं त्याला कसं कळलं?

तुम्ही बाहेरून खंबीर दिसता, पण रात्री एकटे असलात की आपण घेतलेला निर्णय बरोबर होता का, हा विचार येतो. घरी फोनवर सगळं सांगत नाही.

पटलं? हे आम्ही कोणा एकाला उद्देशून लिहिलेलं नाही. घरापासून दूर राहणाऱ्या जवळजवळ कुणालाही ते लागू पडेल.

गिएर्मो देल तोरोचा ‘नाइटमेअर ॲली’ (२०२१) याच युक्तीवर उभा आहे. विल्यम लिंडसे ग्रेशमच्या १९४६ च्या कादंबरीवर १९४७ मध्येही एक सिनेमा आला होता. गोष्ट एकच : स्टॅन कार्लाइल नावाचा माणूस फिरत्या कार्निव्हलमध्ये शिरतो, मनकवडेपणाचा खेळ शिकतो आणि शहरातल्या श्रीमंतांना फसवायला निघतो. (पुढे शेवट सांगितलाय, सिनेमा बघायचा असेल तर इथेच थांबा.)

या धंद्याचे दोन प्रकार. पहिला कोल्ड रीडिंग, म्हणजे आपल्या भाषेत खडा टाकून बघणं. कपडे, चाल, अंगठी बघायची, मोघम काहीतरी बोलायचं आणि समोरच्याचा चेहरा वाचत पुढे जायचं. दुसरा हॉट रीडिंग : माहिती आधीच काढून ठेवायची. सिनेमात लिलिथ ही मानसतज्ज्ञ रुग्णांची बोलणी रेकॉर्ड करते. तिच्याकडून कळलेली गुपितं स्टॅन ‘दिव्यदृष्टी’ म्हणून विकतो.

मोघम बोलणं इतकं चालतं कसं? १९४८ मध्ये बर्ट्रम फोरर या मानसशास्त्रज्ञाने ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाला ‘तुमचं व्यक्तिचित्र’ म्हणून एकच मजकूर दिला. त्यातली वाक्यं ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेली होती. विद्यार्थ्यांनी अचूकतेला पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले! म्हणजे जादू बोलणाऱ्याकडे नसतेच. तो रिकामी चौकट देतो, तिच्यात आपला फोटो आपणच बसवतो.

आणि फसवणाराही यातून सुटत नाही. म्हातारा पीट स्टॅनला बजावतो : आपली शक्ती खरी आहे असं वाटायला लागलं, की संपलास. स्टॅन ऐकत नाही. सगळ्यांना वाचणारा हा माणूस लिलिथसमोर मात्र उघड्या पुस्तकासारखा असतो, कारण त्याला काय ऐकायचंय हे तिला कळलेलं असतं.

सुरुवातीला कार्निव्हलचा मालक त्याला ‘गीक’ कसा तयार करतात ते सांगतो. हा गीक म्हणजे कॉम्प्युटरवाला नव्हे, तर जिवंत कोंबडीचं मुंडकं दातांनी तोडून दाखवणारा माणूस. दारूत बुडालेला कुणीतरी गाठायचा आणि म्हणायचं, काम तात्पुरतं आहे. शेवटी कफल्लक स्टॅनला दुसरा मालक तेच ऐकवतो. सापळा स्टॅनला पूर्ण माहीत आहे, तरी तो हो म्हणतो.

हे आपल्याला लागू पडतं. नव्या देशात आलेल्यांना व्हिसाच्या नावाने धमकावणारे फोन येतात, तेव्हा आपण मूर्ख असतो म्हणून घाबरत नाही. भीती आधीच मनात असते. समोरचा फक्त तिचं नाव घेतो.

अशा वेळी स्वतःला दोन प्रश्न विचारा. हेच वाक्य आणखी किती जणांना लागू पडलं असतं? आणि ही माहिती त्याने सांगितली, की बोलता बोलता मीच दिली? उत्तर मिळेपर्यंत फोन ठेवून द्या, आणि एखाद्या मित्राला सगळं सांगा.