व्होरोनेत्सचा निळा आणि ‘हरवलेलं’ गुपित

रोमानियाच्या उत्तरेकडच्या व्होरोनेत्स मठावरचा कुठलाही व्हिडिओ लावा, एक वाक्य हमखास कानावर पडतं: इथल्या भिंतींवरच्या निळ्या रंगाचं गूढ आजवर शास्त्रज्ञांनाही उकललेलं नाही.

साफ खोटं. तो रंग तपासून झाला आहे. तो ॲझुराइटचा आहे. ॲझुराइट हे तांब्याचं खनिज. मध्ययुगीन युरोपातले चित्रकार ते सर्रास वापरत. चेन्निनो चेन्निनी या इटालियन चित्रकाराने १४०० च्या सुमारास लिहिलेल्या पुस्तकात ते हलक्या हाताने वाटायला सांगितलं आहे, कारण कण जाडसर राहिले तर निळा गडद दिसतो, फार बारीक वाटला की फिका पडतो.

मग रंग पावणेपाचशे वर्षं टिकला कसा? सगळीकडे टिकलेलाच नाही! उत्तरेच्या भिंतीवरची बरीचशी चित्रं पावसावाऱ्याने धुऊन गेली आहेत. ती भिंत व्हिडिओत सहसा दिसत नाही. दक्षिण आणि पश्चिमेच्या भिंती कमी झोडपल्या गेल्या, शिवाय छपराच्या रुंद वळचणीने त्यांना आडोसा दिला. रंगात काही जादू असती, तर उत्तरेची भिंतही वाचली असती.

या गूढकथेपायी खरी करामत झाकली जाते, ती बांधकामाची. १५४७ मध्ये धर्मगुरू ग्रिगोरे रोश्का यांनी चर्चला पुढे बंदिस्त ओसरी जोडली आणि तिची दारं उत्तर-दक्षिणेला ठेवली. त्यामुळे पश्चिमेची अख्खी भिंत अखंड मिळाली, आणि तिच्यावर ‘अंतिम न्याया’चं एकच विशाल चित्र मावलं. आत पाहावं तर कमानींवर तिरक्या कमानी चढवून घुमटाखालचं तोंड अरुंद करत नेलं आहे. म्हणून एवढ्याशा चर्चवर तो सडपातळ मनोरा पेलला जातो. मोल्डाविया या इथल्या जुन्या राज्यातल्या गवंड्यांची ही खास रीत.

बाहेरची चित्रं मोल्डावियाचा राजा श्तेफान याने काढवली, असंही सांगतात. चर्च त्याचं, १४८८ चं. पण तो १५०४ मध्येच वारला, ही चित्रं त्यानंतरची. चर्च चार महिन्यांच्या आत उभं राहिलं ही मात्र दंतकथा नव्हे: २६ मे ला आरंभ, १४ सप्टेंबरला पूर्ण, असं शिलालेखच सांगतो. कॉन्स्टँटिनोपलच्या वेढ्याचं प्रसिद्ध चित्र इथे शोधू नये. ते मोल्डोवित्सा आणि हुमोरच्या मठांत आहे. आणि मठ पहिल्यापासून अखंड नांदता आहे, हेही खरं नाही. हाब्सबुर्ग राजवटीत, १७८५ मध्ये, तो बंद झाला. नन्सचा मठ म्हणून पुन्हा सुरू झाला तो १९९१ मध्ये.