थर अनेक, विहीर एक

बडोद्यात पाइपने येणाऱ्या गॅसचे आता कुणाला अप्रूप नाही. खंभातच्या खोऱ्यातल्या तेल-वायूच्या विहिरी तर आपल्या शेजारच्याच. तिथे वायू मुख्यतः वालुकाश्माच्या पोकळ्यांत भरलेला असतो. पण हाच मिथेन वायू दगडी कोळशातही असतो, आणि तिथून तो काढणे हे वेगळेच कोडे आहे.

कोळशात वायू मोकळा नसतो. तो कोळशाच्या अतिसूक्ष्म छिद्रांना आतून चिकटलेला असतो आणि पाण्याचा दाब त्याला धरून ठेवतो. म्हणून विहीर खणल्यावर आधी पाणी उपसावे लागते, कधी कधी कित्येक महिने. दाब उतरला की वायू सुटतो आणि कोळशातल्या बारीक भेगांतून विहिरीकडे येतो. भारतात या वायूचे व्यावसायिक उत्पादन २००७ मध्ये पश्चिम बंगालच्या राणीगंज भागात सुरू झाले.

आता झारखंडमधले झरिया पाहा. तिथे कोळशाचे १८ मुख्य थर एकावर एक आहेत. एकाच विहिरीतून सगळ्यांचा वायू काढला तर खर्च वाचेल, असे कुणालाही वाटेल. पण आपल्या सोसायटीतली टाकी आठवा. एकाच पाइपवर सगळे मजले असले, की तळमजल्याचा नळ उघडताच वरचा नळ रडू लागतो. थरांचेही तसेच होते. जास्त दाबाचा थर कमी दाबाच्या थराला दाबून टाकतो. कधी त्याचे पाणी उलट दुसऱ्या थरात शिरते. खालच्या थरासाठी पाण्याची पातळी झपाट्याने उतरवली, तर वरच्या थरात कोळशाची भुकटी सुटून भेगा बुजतात.

थर जितका खोल, तितका वरच्या खडकांचा भार जास्त. त्याने भेगा मिटतात. दोन थरांमधला खडक पाणी अडवणारा आहे की झिरपू देणारा, हेही पाहावे लागते. जवळून मोठा भूभंग जात असेल, तर शेजारच्या वालुकाश्माचे पाणी त्या वाटेने येत राहते. कितीही उपसा, दाब उतरत नाही. झरियात तर जुन्या लाव्हारसाच्या भिंती कोळशात घुसल्या आहेत. त्यांच्यालगतचा कोळसा भाजून निघाला आहे.

मी सॉफ्टवेअरमधला. अशा विहिरींचा अंदाज आज संगणकावर बांधतात, म्हणून मला या विषयाचे कुतूहल. पण सगळे थर सारखेच आहेत असे प्रोग्रामला सांगितले, तर तो निमूटपणे ऐकतो आणि सुंदर आलेख काढून देतो. खरी माहिती जमिनीतून काढलेल्या कोळशाच्या नमुन्यातून आणि प्रत्येक थराच्या वेगळ्या दाबचाचणीतूनच मिळते. मग दाब जुळणारे थर एका गटात घ्यायचे, बाकीच्यांची पाळी नंतर.

हा प्रश्न फक्त इंधनाचा नाही. सप्टेंबर २००६ मध्ये धनबादजवळच्या भाटडीह खाणीत स्फोट होऊन ५० कामगार गेले. खाणीत माणूस उतरण्याआधी जितका मिथेन बाहेर निघेल, तितका तो चुलीवर जळेल, खाणीत नाही. आपल्या मुलांपैकी कुणी भूशास्त्र घेतो म्हणाले, तर ‘त्यात काय स्कोप?’ असे विचारण्याआधी हे आठवावे.