शोक आणि स्वस्थ बसणें

घरांतील माणूस गेल्यावर समाचारास येणारे लोक बहुधा दोन प्रकारचा उपदेश करतात. कोणी म्हणतो, ‘धीर धरा, कामाला लागा.’ कोणी म्हणतो, ‘रडून घ्या, मन मोकळें करा.’ दोन्ही उपदेश सद्भावनेचेच असतात. परंतु या दोहोंखेरीज तिसरी एक वाट आहे, आणि ती म्हणजे कांहीं वेळ कांहींच न करतां स्वस्थ बसणें. तिच्याविषयीं आज चार शब्द सांगण्याचा माझा विचार आहे.

आपल्या जुन्या रीतींत या स्वस्थ बसण्याला जागा आहे. अनेक घरांतून मृत्यूच्या ठिकाणीं पीठ पसरून त्याजवळ दिवा ठेवतात व दहा दिवस तो विझूं देत नाहींत. सुतकामुळें नित्याचे व्यवहार थांबतात. जेवणखाण शेजारीपाजारी पाहतात. या रीतीचा धार्मिक अर्थ ज्याला जसा पटेल तसा त्यानें घ्यावा. माझी आई गेली तेव्हां रात्रीं दिव्यांत तेल घालण्याचें काम माझ्याकडे होतें. पहिल्या दोन रात्रीं, ‘डॉक्टरांना आदल्या दिवशींच बोलाविलें असतें तर?’ या एकाच प्रश्नाभोवतीं मन घाण्याच्या बैलासारखें फिरत राहिलें. मी त्याला उत्तरें देत होतों, आणि प्रत्येक उत्तरांतून नवा प्रश्न निघत होता. तिसऱ्या रात्रीं प्रश्न आला, पण मी उत्तर दिलें नाहीं. तो कांहीं वेळ राहिला आणि वात सारण्याची वेळ होईपर्यंत ओसरला. दुःख गेलें नव्हतें. मात्र दुःखाच्या शेजारीं बसतां येतें, एवढें मला कळलें.

स्वस्थ बसणें म्हणजे मन रिकामें करणें नव्हे. शोकाकुल मनाला तें साधणारहि नाहीं. पाठ टेकून बसावें, श्वास सावकाश सोडावा, आणि जी आठवण येईल तिला येऊं द्यावें. श्वास आंत घेतांना हृदयाची गति किंचित् वाढते व सोडतांना मंदावते, हें शरीरशास्त्रांत सिद्ध झालें आहे. म्हणून उच्छ्वास लांबविला कीं शरीराची धडपड थोडी निवते, आणि शरीर निवलें म्हणजे मनालाहि थोडी उसंत मिळते.

मात्र या बसण्याला मर्यादा हवी. मार्गारेट स्ट्रोबे व हेंक शुट या नेदरलंडमधील मानसशास्त्रज्ञांनीं १९९९ सालीं असें प्रतिपादन केलें कीं, शोक करणारा माणूस झोपाळ्याप्रमाणें दोन बाजूंकडे हेलकावे घेत असतो. एका बाजूस गेलेल्याची आठवण, दुसऱ्या बाजूस उरलेल्या आयुष्याची मांडणी. दोन्हीकडे जाणें-येणें हाच निरोगी शोकाचा क्रम होय. अर्थात् आईच्या मृत्यूनंतर आठवड्याभरांत एखाद्याला हसूं आलें तर तो कृतघ्न ठरत नाहीं, आणि वर्षानें डोळे भरून आले तर तो दुबळाहि ठरत नाहीं.

हाच क्रम आपल्या इतिहासांतहि दिसतो. इ. स. १६३० च्या सुमारास दख्खनमध्यें भयंकर दुष्काळ पडला. देहूच्या तुकोबांची पहिली पत्नी त्यांत अन्नावांचून गेली, व्यापार बुडाला. त्यानंतर तुकोबा भंडाऱ्याच्या डोंगरावर एकान्तांत जाऊन बसत, असें परंपरा सांगते. पण ते डोंगरावरच राहिले नाहींत. खालीं येऊन त्यांनीं गांवचें पडकें देऊळ नीट केलें, आणि लोकांकडून येणें असलेल्या कर्जाचे आपल्या वांट्याचे कागद इंद्रायणींत सोडून दिले, अशी कथा आहे. एकान्तानें त्यांना माणसांपासून तोडलें नाहीं. माणसांकडे परत आणलें.

तेव्हां ज्याच्यावर हा प्रसंग आला असेल त्यानें रोज एक ठराविक वेळ निवडावी. पाव तास पुरे. तो वेळ गेलेल्या माणसासाठीं ठेवावा आणि नंतर उठून हातीं असलेलें एखादें लहानसें काम करावें. प्रारंभीं स्वस्थ बसल्यानें दुःख अधिक टोंचेल. दिवसभर ज्याला दडपलें तें तेथें वर येतें, इतकाच त्याचा अर्थ. पण एकटें बसणें असह्य झालें तर कोणालातरी जवळ बसवावें. त्यानें बोललेंच पाहिजे असें नाहीं. आणि महिने लोटूनहि झोप, अन्न व कामधाम यांची घडी बसत नसेल, किंवा जगणेंच नकोसें वाटत असेल, तर विलंब न करतां वैद्यकीय साहाय्य घ्यावें. २०२२ सालीं अंमलांत आलेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणांत सहा महिन्यांहून अधिक काळ जीवन विस्कळीत करणाऱ्या दीर्घ शोकाची स्वतंत्र नोंद आहे. त्यांत लाज वाटण्यासारखें कांहीं नाहीं.

दहाव्या दिवसानंतर आमच्या घरांतील दिवा शांत झाला. पण रात्रीं त्या वेळेला मी अजूनहि थोडा वेळ तेथें बसतों, आणि मग उठून दार लावून घेतों.