परावर्तित मार्गनिर्देशन संकेत
परावर्तित मार्गनिर्देशन संकेत : जहाजे, विमाने इत्यादींना स्थाननिश्चितीसाठी कृत्रिम उपग्रहांकडून मिळणाऱ्या रेडिओ संकेतांचा जमिनीवरून वा पाण्यावरून परावर्तित झालेला भाग. हा भाग थेट संकेतापेक्षा किंचित उशिरा पोहोचून स्थाननिश्चितीत दोष निर्माण करतो. त्यामुळे तो टाळण्याकडेच पूर्वी अभियंत्यांचा कल असे. तथापि ज्या पृष्ठावरून तो येतो त्याच्या गुणधर्मांचा ठसा त्यावर उमटलेला असतो व तो केवळ ग्राहीच्या साहाय्याने वाचता येतो. वेगळा प्रेषक लागत नाही. समुद्रपातळी मोजण्यासाठी असा उपयोग मार्टिन-नेरा यांनी १९९३ मध्ये सुचविला.

या संकेतांची तरंगलांबी सु. १९ सेंमी. असते. खवळलेल्या समुद्रावर ते विखुरतात, तर नव्या सपाट बर्फावरून आरशावरून यावेत तसे एकवटून परततात. बर्फ पाण्यापेक्षा दुबळा परावर्तक असला, तरी त्याचा संकेत रेखीव येतो, तो यामुळेच. ग्रीनलंडमधील डिस्को उपसागराच्या किनाऱ्यावर ग्राही ठेवून २००८-०९ मध्ये समुद्रबर्फाची अशी निरीक्षणे करण्यात आली. २०१४ मध्ये सोडलेल्या एका ब्रिटिश उपग्रहाच्या नोंदींवरूनही बर्फ व पाणी वेगळे ओळखता आले.

जमिनीवर मात्र ओलावा निर्णायक ठरतो. कोरड्या मातीचा विद्युत् अपार्यता स्थिरांक ३ ते ५, तर पाण्याचा सु. ८० असतो, साहजिकच माती भिजली की परावर्तन वाढते. वादळी वाऱ्यांच्या अभ्यासासाठी अमेरिकेने डिसेंबर २०१६ मध्ये सोडलेल्या ‘सिग्नस’ या आठ लहान उपग्रहांच्या नोंदी या कामी उपयोगी पडल्या. त्यांचे निरीक्षणक्षेत्र ३८° उ. ते ३८° द. अक्षांशांपर्यंतच असल्याने ध्रुवीय बर्फ त्यांच्या टप्प्यात येत नाही, सु. २१° उ. अक्षांशावरील वर्धा जिल्हा मात्र येतो.

या जिल्ह्यातील कापूस, तूर व सोयाबीन ही पिके बव्हंशी पावसावर अवलंबून आहेत. मृगाच्या पहिल्या सरीवर बी टाकावे आणि पुढे पावसाने ओढ द्यावी, म्हणजे दुबार पेरणीचा खर्च शेतकऱ्याच्या माथी येतो. याकरिता ७५ ते १०० मिमी. पाऊस झाल्याखेरीज पेरणी करू नये, असा कृषी खात्याचा सल्ला असतो. परावर्तित संकेत मातीच्या वरच्या सु. ५ सेंमी. थराचीच वार्ता देतो. उन्हाळ्यात भेगाळलेल्या काळ्या जमिनीत पहिले पाणी भेगांवाटे खोल उतरते. वरचा थर ओला दिसला, तरी खालची ओल सर्वत्र सारखी नसते. उलट दोन दिवसांच्या उन्हाने वरचा थर सुकला, तरी खाली ओल टिकून असू शकते. त्यातच नांगरटीची ढेकळे संकेत विखुरतात, वाढते पीक तो क्षीण करते आणि बोर धरणाच्या जलाशयासारखे शांत पाणी जवळ असल्यास त्याचे प्रखर परावर्तन शेजारच्या जमिनीच्या नोंदीत मिसळते. एका नोंदीत काही किमी. लांबीचा पट्टा सामावतो. तालुक्यात पाऊस कोठे मुरला याचा अंदाज त्यावरून बांधता येतो; एखाद्या शेतात तिफण केव्हा धरावी, हे मात्र माती उकरून पाहूनच ठरवावे लागते.